सेन्सर कुठं बसवलाय ते आधी सांगा: मशीनचं कंपन मोजायला शिकणाऱ्यांसाठी

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. रात्री साडेअकराला सोलापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यातून फोन आला. बॉयलरचा आयडी फॅन, म्हणजे धूर ओढून चिमणीत सोडणारा पंखा, तासाभरात दोनदा ट्रिप झाला होता, आपोआप बंद पडला होता. स्क्रीनवर कंपन ११ मिमी प्रति सेकंद दिसत होतं. वाफ पडली होती, ऊस आत नेणारी गव्हाण थांबली होती आणि यार्डात उसाच्या गाड्यांची रांग वाढत होती. मी पोचलो, प्लमर ब्लॉकवर, म्हणजे बेअरिंगच्या लोखंडी घरावर, हात ठेवला. गार आणि शांत. खिशातला व्हायब्रेशन पेन टेकवला तर २.३. फॅन ठणठणीत होता. नाचत होती ती सेन्सरखालची लोखंडी पट्टी. केबल ओढायला सोपं पडावं म्हणून बेअरिंगपासून वीतभर पुढं काढलेल्या अँगलच्या तुकड्यावर सेन्सर बसवला होता. फॅनला १० पाती, त्या रात्री वेग ९६० आरपीएम. म्हणजे पात्यांचा ठोका सेकंदाला १६० वेळा, आणि तो ठोका नेमका त्या पट्टीच्या स्वतःच्या कंपनाशी जुळला.

ती पट्टी मीच लावून घेतली होती.

तेव्हापासून कुणी नवा मुलगा विचारायला आला की मी त्याला सेन्सरची कंपनी विचारत नाही, किंमत विचारत नाही. सेन्सर कुठं बसवलाय ते आधी सांग, म्हणतो. सेन्सर मशीनचं कंपन सांगत नाही, तो ज्या जागेवर बसलाय त्या जागेचं सांगतो. पुढं जे लिहिलंय ते आयटीआय किंवा डिप्लोमा करून चिंचोळी किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत, नाहीतर एखाद्या साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटला किंवा मेंटेनन्सला लागलेल्यांसाठी आहे.

आधी एवढं समजून घ्या: वेगच का?

फिरणारं यंत्र हलतं, तेव्हा तीन गोष्टी मोजता येतात. ते किती सरकतं ते विस्थापन, मायक्रॉनमध्ये. किती वेगानं सरकतं तो वेग, मिमी प्रति सेकंदात. त्या वेगात किती झपाट्यानं बदल होतो ते त्वरण, 'जी'मध्ये. तिन्ही एकाच हालचालीची रूपं आहेत, वारंवारता माहीत असेल तर एकावरून दुसरं काढता येतं.

गणित एकदा करून बघा. ९९० आरपीएमवर चालणाऱ्या फॅनचं कंपन ७.१ मिमी/सेकंद आरएमएस (एक प्रकारची सरासरी) असेल, तर तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण १९४ मायक्रॉन हलतोय. २९८० आरपीएमच्या पंपाचं कंपन तेवढंच, ७.१, असेल तर तो फक्त ६४ मायक्रॉन हलतोय. नुसते मायक्रॉन बघितले तर फॅन तिप्पट वाईट वाटेल, पण दोघांच्या बेअरिंगला होणारा जाच साधारण सारखाच. त्वरणाचं उलटं. ७.१ चं कंपन १६.५ हर्ट्झवर असेल तर त्वरण जास्तीत जास्त (पीक) जेमतेम ०.१ जी भरतं, आणि तेच १००० हर्ट्झवर असेल तर ६.४ जी. म्हणजे विस्थापन मंद हालचालीला जास्त भाव देतं, त्वरण जलद हालचालीला. वेग दोघांच्या मधे तराजू सरळ धरतो. म्हणून १० ते १००० हर्ट्झ या पट्ट्यात, जिथं आपले बहुतेक मोटर, पंप, ब्लोअर येतात, तिथं वेगाचा एकच आकडा मशीनची तब्येत बऱ्यापैकी सांगतो.

आरपीएमला ६० नं भागलं की हर्ट्झ मिळतात. हे इतकं साधं आहे की लोक करतच नाहीत, आणि निम्म्या चुका तिथंच होतात.

हातात आलेला सेन्सर कोणत्या जातीचा आहे?

सगळ्यांना 'व्हायब्रेशन सेन्सर' म्हणतात, पण आत तीन वेगळे जीव असतात.

जुना प्रकार म्हणजे हलत्या कॉइलचा. आत लोहचुंबक आणि स्प्रिंगवर टांगलेली तांब्याच्या तारेची कॉइल. बाहेरचं खोकं मशीनबरोबर हलतं, कॉइल जडत्वामुळं जागीच राहते, चुंबक तिच्याभोवती हलला की तारेत व्होल्टेज तयार होतं. सायकलच्या डायनमोचं तत्त्व. हे व्होल्टेज वेगाच्या प्रमाणात असतं, म्हणून हा खराखुरा वेग सेन्सर. बाहेरून वीज द्यावी लागत नाही. साधारण २० मिलिव्होल्ट प्रति मिमी/सेकंद देणारे बरेच मिळतात. पण हा आडवा-उभा बघून घ्यावा लागतो. उभा बसवायचा सेन्सर आडवा लावला तर कॉइल गुरुत्वाकर्षणानं एका बाजूला टेकते आणि आकडा खोटा येतो. शिवाय स्प्रिंग ही शेवटी स्प्रिंगच, वर्षानुवर्षं हलून थकते. आणि स्प्रिंगची स्वतःची वारंवारता ८-१० हर्ट्झच्या आसपास असते, त्याखाली सेन्सर कमी-कमी दाखवत जातो.

दुसरा पिझो-वेग सेन्सर. आत दाबला की विद्युतभार देणारा स्फटिक असतो, तो मुळात त्वरण मोजतो, आणि शेजारचं छोटं सर्किट त्याचा वेग करून बाहेर पाठवतं. हलणारा भाग नाही, कुठल्याही दिशेला बसवा. याला मॉनिटरकडून स्थिर करंट लागतो, काही मिलिॲम्पिअर, साधारण २४ व्होल्ट पुरवठ्यातून. एक सामान्य संवेदनशीलता ४ मिलिव्होल्ट प्रति मिमी/सेकंद. वरच्या २० शी गफलत करू नका. मॉनिटरमधलं कार्ड कॉइलच्या सेन्सरसाठी सेट असेल आणि तुम्ही पिझो लावला, तर आकडा पाचपट कमी दिसेल आणि सगळे खूश राहतील, बेअरिंग जाईपर्यंत.

तिसरा, आज आपल्याकडं सगळ्यात जास्त दिसणारा, ४-२० मिलिॲम्पिअरचा ट्रान्समीटर. आतला जीव पिझोचाच, पण आरएमएस काढण्याचं काम तो स्वतःच करतो आणि दोन तारांवर सरळ पीएलसीला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोल संगणकाला, सांगतो. लावायला सोपा, परवडतो. पण तो फक्त एक आकडा देतो. कंपन वाढलं एवढं कळतं, का वाढलं ते नाही. काहींना कच्च्या सिग्नलसाठी वेगळा सॉकेट असतो, घेताना तो मागून घ्या.

कुठल्या मशीनला लावू नये

हे कुणी सांगत नाही, कारण सेन्सर विकणाऱ्याला ते परवडत नाही.

मिल हाऊसमधले उसाचे रोलर मिनिटाला चार-पाच फेरे घेतात. ५ आरपीएम म्हणजे ०.०८ हर्ट्झ. १० हर्ट्झपासून मोजणारा सेन्सर तिथं आंधळा आहे. रोलर चालवणारी मोटर आणि गिअरबॉक्सची वेगवान बाजू, तिथं मात्र उपयोग आहे. कूलिंग टॉवरच्या पंख्याचंही तेच. मोठा पंखा मिनिटाला २०० फेरे फिरत असेल तर ती ३.३ हर्ट्झ झाली. त्याला २ हर्ट्झपासून मोजणारा सेन्सर वेगळा मागवावा लागतो. नेहमीचा लावला तर पातं निम्मं तुटलं तरी पडद्यावर हिरवाच दिवा दिसेल. आणि व्हीएफडीवर, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हवर, चालणारा आयडी फॅन ४९० आरपीएमवर आला की ८ हर्ट्झवर येतो, तेव्हाचा कमी आकडा बघून मशीन सुधारलं असं समजू नका.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या टॉवेलच्या कारखान्यांतले रॅपिअर माग हे धक्क्यांचं, पुढं-मागं होणारं यंत्र. त्याला फिरत्या यंत्रांचे तक्ते लावू नयेत. डाईंगमधला हायड्रो, म्हणजे ओला माल पिळून काढणारा, हा आणखी वेगळा. ओले टॉवेल एका बाजूला भरले की आकडा भडकणारच, कारण दोष मशीनचा नाही, भरणाऱ्याचा आहे. तिथं सेन्सर जरूर लावा, पण जास्त कंपनाला मशीन थांबवायला, तब्येत बघायला नाही. त्याच कारखान्यातला बॉयलरचा ब्लोअर, पाण्याचे पंप आणि एअर कंप्रेसरची मोटर हे मात्र अगदी योग्य उमेदवार.

को-जनच्या, म्हणजे साखर कारखान्यातल्या वीजनिर्मितीच्या, टर्बाइनचा शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. शाफ्ट आत किती हलतो ते जाड केसिंगवरून नीट कळत नाही. तिथं शाफ्टकडं रोखलेले प्रॉक्सिमिटी प्रोब लागतात. केसिंगवरचा वेग सेन्सर सोबत असू शकतो, त्यांच्याऐवजी नाही.

आणि बॉल बेअरिंगवरचा पहिला बारीक ओरखडा वेगाच्या एकूण आकड्यात दिसत नाही. तो वरच्या वारंवारतेत असतो, त्यासाठी त्वरण किंवा एन्व्हलप (वरच्या वारंवारतेतले बारीक ठोके वेगळे काढायची पद्धत) बघावं लागतं. वेगाचा आकडा वाढेपर्यंत बेअरिंग बरंच पुढं गेलेलं असतं.

बसवणं: इथं वेळ घालवा

पहिलं काम परमिटचं. मशीन बंद, लॉक लावलेलं, टॅग टाकलेला. हिवाळ्याच्या रात्रपाळीला मफलर गुंडाळून कपलिंगजवळ वाकणारी मुलं मी बघितली आहेत. मफलर काढून ठेवा, मग वाका.

जागा शोधताना एकच प्रश्न विचारायचा: शाफ्टपासून इथपर्यंत सलग, घट्ट लोखंड आहे का? बेअरिंग, त्याचा हाउसिंग, त्यावर सेन्सर. मधे पत्रा नको, गार्ड नको, अँगल नको. मोटरच्या मागचं पंख्याचं झाकण नको, मोटरच्या अंगावरच्या थंडाव्याच्या फिन्स नकोत. नवे लोक नेमकं फिनवरच चिकटवतात, कारण तिथं जागा दिसते. प्लमर ब्लॉक असेल तर वरच्या टोपीपेक्षा खालच्या अर्ध्या भागावर, बेअरिंगच्या मध्यरेषेजवळ सपाट जागा मिळते का ते बघा.

दिशा तीन: आडवी, उभी आणि शाफ्टच्या रेषेतली. एकच सेन्सर परवडत असेल तर आडवा. पायाच्या बोल्टांनी मशीन उभ्या दिशेला आवळलेलं असतं, आडवं ते जास्त मोकळं असतं, म्हणून असंतुलन तिथं आधी दिसतं. दुसरा मिळाला तर तो कपलिंगच्या बाजूच्या बेअरिंगवर शाफ्टच्या रेषेत लावा, अलाइनमेंट बिघडल्याची चाहूल तिथं लागते. मोटरला कपलिंगची बाजू म्हणजे डीई, मागची बाजू एनडीई. टॅगवर हे लिहा. 'मोटर १' असं लिहिलेला टॅग दुसऱ्या वर्षी कुणालाच कळत नाही.

आता भोक. सेन्सरच्या बुडापेक्षा थोडी मोठी गोल जागा रंग खरवडून सपाट करून घ्या. मग काटकोनात ड्रिल आणि टॅप, बहुतेक वेळा एम८, पण डेटाशीट बघूनच. भोक स्टडपेक्षा खोल हवं. स्टड तळाला टेकला की सेन्सर घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण बुडाखाली केसाएवढी फट राहते. ड्रिल मारण्याआधी हाउसिंगची जाडी फिटरला विचारा. भोक आरपार जाऊन तेलात उतरलं तर त्या दिवशीची भाकरी गोड लागणार नाही. बसवताना दोन पृष्ठांमधे ग्रीसचा पातळ थर द्या आणि टॉर्क पाना डेटाशीटमध्ये दिलेल्या टॉर्कवर लावा. पाइप पान्यानं आवळलेले सेन्सर मी काढले आहेत, त्यांची षटकोनी कड गोल झालेली असते.

हाउसिंगला भोक पाडायला मालक तयार नसेल तर स्टील पॅड इपॉक्सीनं चिकटवा. रंग, गंज, ग्रीस पूर्ण काढून, नाहीतर तुम्ही रंगाचं कंपन मोजाल. चुंबकावर लावलेला सेन्सर फेरी मारून मोजायला ठीक, कायमचा नको. हातात धरून टेकवलेल्या पेनच्या काडीचा वरच्या वारंवारतेत भरवसा धरू नका, आणि दर वेळी वेगळ्या ठिकाणी टेकवला तर कुठंच धरू नका. म्हणून पंचनं खूण करून ठेवायची आणि दर वेळी त्याच खुणेवर टेकवायचं.

शेवटी आपटून बघा. सेन्सर नाही, शेजारचं लोखंड, प्लॅस्टिकच्या हातोडीनं, हळू. सेन्सरचा आधार खणखणीत असेल तर आवाज एकजीव येतो. पट्टी असेल तर ती टण्ण करून वेगळी वाजते. माझ्या त्या पट्टीनं ते त्याच दिवशी सांगितलं असतं, मी ऐकायला थांबलो नाही.

केबल

जोडीला पीळ दिलेली, शील्डवाली केबल. शील्ड एकाच टोकाला अर्थ करायची, पॅनलच्या बाजूला. दोन्ही टोकांना केली तर दोन अर्थमधला फरक शील्डमधून वाहतो आणि ५० हर्ट्झचं भूत आकड्यात बसतं. व्हीएफडीच्या पॉवर केबलबरोबर एकाच ट्रेमध्ये टाकू नका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात.

कनेक्टरपासून वीतभर अंतरावर केबल मशीनला क्लिप करा, म्हणजे ती फडफडत नाही, आणि त्याआधी खाली थोडा झोळ ठेवा, म्हणजे वॉशिंगचं पाणी केबलवरून ओघळत कनेक्टरमध्ये न जाता झोळातून गळेल. साखर कारखान्यात मळी, वाफ आणि उंदीर हे तिघे केबलचे शत्रू. टेक्स्टाइलमध्ये तंतूंचा कापूस कनेक्टरवर साचतो आणि ओलावा धरून ठेवतो. जंक्शन बॉक्स सावलीत लावा. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात बाहेरच ४२-४३ अंश असतात, उन्हातल्या बंद लोखंडी डब्यात त्याहून कितीतरी जास्त.

आकडा खरा दिसतोय का?

४-२० चं गणित पाठ करा. ट्रान्समीटर ० ते २५ मिमी/सेकंदाचा असेल तर मिलिॲम्पिअर = ४ + (१६ × कंपन ÷ २५). ४.५ मिमी/सेकंदाला ६.८८ मिलिॲम्पिअर. मशीन बंद असताना ४.०० यायला हवेत. ४ च्या बरंच खाली, ३.६ किंवा त्याहूनही कमी, म्हणजे तार तुटली, सेन्सर गेला किंवा पोलॅरिटी उलटी. कंपन शून्य आहे असा त्याचा अर्थ नाही. पीएलसीमध्ये रेंज ० ते ५० टाकलेली असेल तर सगळं दुप्पट दिसतं. मल्टीमीटर लूपमध्ये घालून तिथंच पडताळा करा.

पिझो सेन्सरचा बायस व्होल्टेज बघा. दोन तारांवर डीसी व्होल्ट मोजले तर चांगल्या सेन्सरला साधारण १० ते १२ दिसतात. ० आलं तर शॉर्ट, पूर्ण २४ आलं तर तार तुटलेली किंवा कनेक्टर सुटलेला. हे मोजायला मिनिट लागतं, तरी लोक अर्धा दिवस सेन्सर बदलत बसतात. कॉइलच्या सेन्सरला रेझिस्टन्स मोजा आणि डेटाशीटशी ताडा.

आरएमएस आणि पीक यांची गल्लत ही आणखी एक जुनी खोड. शुद्ध साइन लहरीला पीक म्हणजे आरएमएसच्या १.४१ पट. काही मीटर इंच प्रति सेकंद पीक दाखवतात. १ इंच म्हणजे २५.४ मिमी. आपला ७.१ आरएमएस त्या मीटरवर साधारण ०.४ दिसेल, आणि कुणीतरी म्हणेल, काहीच नाही की.

कारखान्यात हातात धरायचा छोटा शेकर असेल तर उत्तम. हा १५९.२ हर्ट्झवर १० मीटर/सेकंद² आरएमएस देतो. विचित्र वाटणाऱ्या या वारंवारतेची गंमत अशी की २π नं गुणलं की जवळजवळ १००० येतात. त्यामुळं त्वरण १०, वेग १० मिमी/सेकंद, विस्थापन १० मायक्रॉन, सगळीकडं दहाच. सेन्सर त्याला लावा, पडद्यावर १० च्या जवळ आकडा यायलाच हवा. नाही आला तर सेन्सर, केबल, कार्ड, पीएलसी, या साखळीत कुठंतरी खोट आहे, आणि आता ती मशीन न लावताही शोधता येते.

किती म्हणजे जास्त?

आयएसओ १०८१६-३ हे मानक बरीच वर्षं वापरात होतं, २०२२ मध्ये त्याची जागा २०८१६-३ नं घेतली. त्यात अ, ब, क, ड असे चार पट्टे आहेत. अ म्हणजे नवं कोरं, ब म्हणजे खुशाल चालवा, क म्हणजे फार दिवस चालवू नका, ड म्हणजे नुकसान होतंय. १०८१६-३ मध्ये १५ ते ३०० किलोवॉटच्या मशीनला घट्ट पायावर या सीमा १.४, २.८ आणि ४.५ मिमी/सेकंद आरएमएस होत्या. लवचिक आधारावर २.३, ४.५ आणि ७.१. पंपांसाठी वेगळा भाग ७ आहे, पंपाला हे आकडे डोळे मिटून लावू नका.

घट्ट आणि लवचिक हे काँक्रीट आणि स्टील असं सरळ नसतं. मशीन आणि पाया मिळून जी सर्वात खालची नैसर्गिक वारंवारता येते, ती फिरण्याच्या वारंवारतेपेक्षा किमान २५ टक्के वर असेल तर त्या दिशेला घट्ट. म्हणजे एकच फॅन उभ्या दिशेला घट्ट आणि आडव्या दिशेला लवचिक असू शकतो. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला ती पळवाट वाटली होती. प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्या फॅनला मोजल्यावर पटलं.

मानकापेक्षा महत्त्वाची तुमची स्वतःची वही. दुरुस्तीनंतर, अलाइनमेंट झाल्यावर, पूर्ण लोडवर, तापमान स्थिरावल्यावर मशीनचा आकडा लिहून ठेवा. हा बेसलाइन. अलार्म ठेवायची पद्धत: बेसलाइन अधिक ब-क सीमेच्या २५ टक्के. घट्ट पायावरच्या फॅनचा बेसलाइन २.० असेल तर २.० + ०.७ = २.७ ला अलार्म. ट्रिप क-ड सीमेच्या १.२५ पटीपेक्षा वर नको, म्हणजे इथं ५.६ च्या आत. ट्रिपला दोन-तीन सेकंदांचा विलंब द्या, नाहीतर शेजारी कुणी मोळी पाडली तरी फॅन बंद होईल. मशीन सुरू होताना काही सेकंद कंपन जास्त असतंच, तेवढा वेळ ट्रिप बायपास ठेवा. पण बायपास आपोआप उठणारा हवा. हातानं लावलेला बायपास हंगाम संपेपर्यंत तसाच राहतो, हे कुणीही खरं सांगणारा ऑपरेटर मान्य करेल.

आकडा वाढला. आता?

आधी सेन्सर हलवून बघा, सैल आहे का. मग पेन घेऊन जा आणि शेजारच्या बेअरिंगवर मोजा. दोन्हीकडं वाढला असेल तर मशीन बोलतंय.

कसा वाढला ते विचारा. आयडी फॅनला बगॅसची राख पात्यांवर चिकटते आणि पाती झिजतातही. झीज असेल तर आकडा आठवड्या-आठवड्यानं चढतो. राखेचा थर एका बाजूनं गळून पडला तर तो एका क्षणात उडी मारतो, आणि ऑपरेटर शपथ घेतो की मी काहीच केलं नाही. तो खरं बोलत असतो.

स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या वारंवारतेवर किती कंपन आहे त्याचा आलेख, बघता येत असेल तर: फिरण्याच्या वारंवारतेवर एकच उंच खांब आणि तो आडव्या दिशेला, तर बहुधा असंतुलन. दुप्पट वारंवारतेवर खांब आणि शाफ्टच्या रेषेत जोर, तर अलाइनमेंटकडं बघा. एक, दोन, तीन, चार अशी खांबांची माळ लागली तर काहीतरी ढिलं, फाउंडेशन बोल्ट किंवा हाउसिंगचं फिट. पाती गुणिले आरपीएम म्हणजे पात्यांचा ठोका. १०० हर्ट्झवर खांब आणि वीज तोडताक्षणी तो नाहीसा, तर दोष मोटरच्या विद्युत भागात. मेकॅनिकल दोष असेल तर मशीन मंदावत जाईल तसं कंपन हळूहळू उतरतं.

व्हीएफडी असेल तर एक प्रयोग जरूर करा. वेग हळूहळू वाढवत प्रत्येक ठिकाणचा आकडा लिहा. ४० हर्ट्झला २, ४२ ला ८, ४५ ला परत अडीच असं काही दिसलं तर फॅन बॅलन्स करत बसू नका, तो अनुनाद आहे. व्हीएफडीत तेवढा पट्टा वगळायची सोय असते, ती वापरा आणि पायाचं काम ऑफ-सीझनला काढा.

काळ्या मातीत उथळ पायावर उभ्या असलेल्या पंपांचं अलाइनमेंट पावसाळ्यानंतर पुन्हा तपासा. माती फुगते आणि आकसते, बेसप्लेट तिच्याबरोबर जाते. मोटरचा एक पाय हवेत आहे का ते डायल गेज लावून बघा. बोल्ट सैल करताना पाय ०.०५ मिमीपेक्षा जास्त उचलला तर आधी पायाखाली शिम, म्हणजे पातळ पत्रा, घाला, मग अलाइनमेंट. उलट क्रमानं केलं तर दोन्ही कामं परत करावी लागतात.

ऑफ-सीझन

गळीत संपलं की मशीन खोलली जातात आणि सेन्सर केबलसकट लोंबकळत राहतात. वेल्डिंग करणारा अर्थचा चिमटा जवळात जवळच्या लोखंडाला लावतो, आणि तो करंट सेन्सरमधून गेला की सेन्सर संपला. म्हणून खोलकाम सुरू व्हायच्या आधी सेन्सर काढा, पुसा, टॅगसकट डब्यात ठेवा. भोकात ग्रीस भरून बोल्ट लावा. केबलच्या तोंडावर टोपी, टोपी नसेल तर प्लॅस्टिक आणि चांगली टेप. नव्या हंगामाच्या आधी प्रत्येक सेन्सर शेकरवर चढवा, १० दाखवतो का बघा आणि तो आकडा तारखेसह वहीत लिहा. मग हंगाम सुरू होऊन मशीन पूर्ण लोडवर आली आणि तापमान स्थिरावलं की नवा बेसलाइन घ्या. त्या कारखान्यातल्या आयडी फॅनचा आता १.९ येतो. सेन्सर प्लमर ब्लॉकवर आहे, आणि ती अँगलची पट्टी मी माझ्या टूलबॉक्समध्ये ठेवली आहे.